एका टेबलाला एकोणीस सेकंद

आमच्या ऑफिसच्या भिंतीवर एक मोठा स्क्रीन आहे आणि त्यावर एक आकडा असतो. हिरवा. एक पॉइंट दोन, एक पॉइंट तीन, कधी एक पॉइंट एक. रोज सकाळी नऊ वाजता तो बदलतो. पाहुणे आले की साहेब त्यांना आधी त्या आकड्यासमोर उभं करतात आणि मग बसायला खुर्ची देतात. आमच्या सॉफ्टवेअरने बनवलेल्या वेबसाइटचं पान उघडायला किती सेकंद लागतात, तो तो आकडा. शाळा, वाचनालयं, इस्पितळं आमचं सॉफ्टवेअर वापरतात. त्यांच्याकडचा कारकून सूचना टाइप करतो, एक बटण दाबतो, आणि ती सूचना लोकांना वेबसाइटवर दिसते. निदान दिसायला हवी.

मी तिथे सकाळी साडेसहाला जाते. केर, फरशी, टेबलं, कीबोर्डमधली धूळ, पाण्याच्या बाटल्या. तीस वर्षं हेच काम करते आहे, त्यातली सहा या जागेत. सगळे मला मावशी म्हणतात, ज्यांच्या आईला बहीण नाही तेसुद्धा. साहेबांना माघारी सगळे झटपट म्हणतात, कारण त्यांच्या तोंडात दुसरा शब्द नसतो. हे झटपट करा, ते झटपट होतं, आमचं सॉफ्टवेअर सगळ्यात झटपट.

मला अक्षरं छप्पन्नाव्या वर्षी आली. एकदा काचा पुसायच्या बाटलीवरचं मी बोट ठेवून वाचत होते, ते साहेबांनी पाहिलं. म्हणाले, मावशी, तुम्हाला वाचता येतं तर, मग तुम्हाला एक जबाबदारीचं काम देतो. त्यांनी मला प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद दिला. त्यावर चौसष्ट पानांची नावं होती आणि खाली लिहिलं होतं: रोज आठ वाजता उघडून पाहावीत. एका वेळी एकच पान. पूर्ण दिसल्यावरच पुढचे. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर कुठे दाबायचं तेही त्यांनीच शिकवलं. मी विचारलं, पाहून काय करायचं? म्हणाले, उघडतं आहे ना, एवढंच बघायचं.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला होता. साठीला टेकलेल्या बाईच्या हातात फडक्याच्या जोडीला वाचायचं काम आलं होतं. घरी धाकटीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आता ताईला झाडू उचलायला माणूस ठेवावा लागणार."

पानं लवकर उघडायची नाहीत. दाबलं की पांढरा पडदा यायचा आणि मधे चाक फिरत राहायचं. नुसतं बघत बसायची मला सवय नाही. मी दाबायची, एक टेबल पुसायची, परत यायची. पान आलेलं असायचं. मग पुढचं. कधी अर्ध्या टेबलात यायचं, कधी दीड टेबल लागायचं. उद्या कोणी विचारलं की मावशी, पानं कशी उघडली, तर काय सांगणार? म्हणून प्रिंटरजवळच्या टोपलीतले पाठकोरे कागद घेऊन मी रोज लिहून ठेवायची. तारीख, पानाचा नंबर आणि पुढे टेबलं. एक. अर्धं. दीड. कोणी कधी विचारलं नाही. मी मात्र ते कागद झाडूच्या कपाटात, साबणाच्या रिकाम्या खोक्यात, तारखेप्रमाणे रचून ठेवले. दोन वर्षांचे.

आता धाकटीचं सांगते. आम्ही दोघी बहिणी एका खोलीत राहतो. खिडकीपाशी तिचं शिलाई मशीन आहे. ती कपडे दुरुस्त करून देते. कंबर घट्ट करणं, चेन बदलणं, पायजम्याची उंची कमी करणं. मागच्या वर्षी ती डाव्या बाजूला दाराच्या चौकटीवर आपटायला लागली. आधी मी हसायची, म्हणायची, चौकट तिथेच आहे, तूच सरकलीस. मग एक दिवस तिने सुई कापडात न घालता बोटात घातली. जवळच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की डाव्या डोळ्यातला दाब वाढला आहे, काचबिंदू आहे. थेंब दिले, पण दाब उतरेना. म्हणाले, मोठ्या इस्पितळातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना लवकर दाखवा. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखता येते.

ते मोठे डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. बारा नव्या रुग्णांना बघायचे. त्या बारा जागांची यादी मंगळवारी सकाळी सात वाजता इस्पितळाच्या वेबसाइटवर लागायची आणि तिथेच नाव घालायचं. खिडकीवर गेलं तर खिडकीवरची मुलगी म्हणायची, साइटवर बघा. फोन केला तर फोनमधली बाईही तेच म्हणायची, तेही न थांबता.

पहिल्या मंगळवारी धाकटी पावणेसातपासून फोन हातात घेऊन बसली. सातला दाबलं. पांढरा पडदा, मधे चाक. सव्वासातला पान उघडलं. जागा शिल्लक नाही. दुसऱ्या मंगळवारी तेच. तिसऱ्या मंगळवारी मी ऑफिसात होते. नियम मोडून कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर मीच ते पान दाबलं. दोन टेबलं पुसून झाली, तिसरं झालं, दोन खुर्च्या झाल्या. मग उघडलं. जागा शिल्लक नाही.

ते इस्पितळ आमच्याच सॉफ्टवेअरवर चालतं हे मला माहीत होतं. माझ्या चौसष्ट पानांत त्याची वीस पानं होती. मी धीर करून साहेबांना सांगितलं. त्यांनी मला खांद्याला धरून स्क्रीनकडे वळवलं. एक पॉइंट दोन. "मावशी, हे बघा. आमच्या बाजूने काही नाही. बहिणीला सांगा फोन बदला, आणि जरा लवकर उठत जा."

लवकर उठत जा. पहाटे पाचला उठून मशीन पुसणाऱ्या बाईला. पण मला राग आला तो नंतर. त्या दिवशी मी काय केलं ते सांगायला लाज वाटते, तरी सांगते. मी घरी जाऊन धाकटीवरच तोंड सोडलं. म्हटलं, तुझाच अंगठा जड असेल, चुकीच्या ठिकाणी दाबत असशील. मोठ्या स्क्रीनवर आकडा आहे, एक पॉइंट दोन, आकडा खोटं बोलत नाही.

धाकटी दोरा तोडत म्हणाली, "मग मी बोलते का, ताई?"

नंतर ती दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली.

त्याच सुमाराला ऑफिसात एक नवी मुलगी आली. सॉफ्टवेअर किती वेळ घेतं ते मोजायचं आणि कुठे अडतं ते शोधून सुधारायचं, हे तिचं काम. मी तिला मनात मोजणीवाली म्हणायची, पुढे तोंडावरही म्हणायला लागले. ती टेबलावर कागद पसरून ठेवायची नाही, चहाचा कप स्वतः धुवायची, त्यामुळे माझं तिच्याबद्दल मत चांगलं होतं. पहिल्याच महिन्यात तिचं आणि साहेबांचं वाजायला लागलं. काचेच्या खोलीत बोलायचे, पण काच पुसणाऱ्याला सगळं ऐकू येतं. ती म्हणायची, गिऱ्हाइकांच्या तक्रारी येतात, म्हणजे कुठेतरी पान हळू उघडतं आहे. साहेब म्हणायचे, तुमची नऊची मोजणी काय सांगते? ती म्हणायची, एक पॉइंट दोन. साहेब म्हणायचे, मग झालं. तिने विचारलं, नऊच्या आधी ती पानं कोणी उघडून ठेवतं का? साहेब शांतपणे म्हणाले, कोण कशाला उघडेल.

मी काच पुसत होते. ऐकलं. माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी पानं तपासत होते, उघडून ठेवत नव्हते, असंच मला वाटत होतं.

दहावा मंगळवारही तसाच गेला. तोपर्यंत धाकटी सुई ओवायला मला हाक मारायला लागली होती.

मग एका बुधवारी, आठला पाच मिनिटं असताना मोजणीवाली ऑफिसात आली. इतक्या लवकर तिथे कोणी येत नाही. माझ्याकडे बघून हसली आणि आपल्या जागी जाऊन स्क्रीनमध्ये डोकं घालून बसली. मी आठला माझा कागद काढला, पहिलं पान दाबलं आणि टेबल पुसायला घेतलं. दुसरं पान दाबलं, टेबल पुसलं. तिसरं दाबलं आणि वळले तर ती माझ्या मागे उभी होती. तिचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं माझं काहीतरी सांडलं.

"मावशी, तुम्ही हे काय करताय?"

"पानं तपासते. रोज करते."

ती खुर्चीवर बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, दीड महिना मी एक प्रोग्राम शोधते आहे. नोंदींत दिसतं की याच ऑफिसातून रोज आठ वाजता कोणीतरी ओळीने चौसष्ट पानं उघडतं. प्रत्येक पानात साधारण सारखंच अंतर. इतकं सारखं अंतर माणूस ठेवू शकत नाही, म्हणून मला वाटलं कोणीतरी लपवून प्रोग्राम लावला आहे. "प्रोग्राम पकडायला आले आणि तुम्ही सापडलात."

मी म्हटलं, सापडायला मी काय चोर आहे? साहेबांनी सांगितलेलं काम आहे. कागद दाखवला. तिने तो दोनदा वाचला. मग मला समोर बसवून समजावलं. तिला माहीत होतं माझी बहीण कपडे शिवते, म्हणून तिने तसंच सांगितलं.

समजा दुकानात पहिलं गिऱ्हाईक आलं, तर त्याला कपडा शिवून द्यावा लागतो. त्याला वेळ लागतो. पण शिवताना तसाच आणखी एक शिवून खुंटीला टांगून ठेवला, तर दुसऱ्या गिऱ्हाइकाला टांगलेलाच काढून देता येतो. पान तसंच असतं. पहिला माणूस ते मागतो तेव्हा ते सर्व्हरला सगळं जुळवून बनवावं लागतं. मग ते बनवलेलं पान त्या दिवसापुरतं ठेवून देतात आणि पुढच्यांना तेच देतात. "तुम्ही रोज आठला पहिलं गिऱ्हाईक होता, मावशी. माझी मोजणी नऊला दुसरं गिऱ्हाईक."

मी विचारलं, मग सातला काय होतं?

ती म्हणाली, तेच मला आत्ता कळलं. इस्पितळाने सातला नवी यादी लावली की आपलं सॉफ्टवेअर टांगलेले सगळे कपडे फेकून देतं. एक बदलला म्हणून सगळे. आणि त्याच क्षणी शेकडो माणसं दारात. सगळीच पहिली गिऱ्हाइकं. एकाच पानासाठी सर्व्हर शंभर वेळा शिवायला बसतो आणि एकाचंही धड पुरं होत नाही.

मी फडकं हातात धरून बसले होते. त्या फडक्याचं पाणी माझ्या लुगड्यावर टपकत होतं तेही मला कळलं नाही. दोन वर्षं ज्या बोटाने मी अक्षर अक्षर लावून ती पानं उघडली, त्या बोटाने मी तो आकडा हिरवा ठेवत होते. तोच आकडा दाखवून साहेबांनी मला परत पाठवलं. आणि तोच आकडा घरी नेऊन मी माझ्या बहिणीच्या तोंडावर मारला. कुंपणानेच शेत खावं तसं झालं, आणि ते कुंपण मी होते. मला वाचता येतं म्हणून त्यांना आनंद झाला नव्हता. मला वाचता येतं पण कळत नाही, म्हणून झाला होता.

मोजणीवाली म्हणत होती की हे सिद्ध करणं अवघड आहे. आठच्या आधीची मोजणी कोणी केलेलीच नाही. साहेब म्हणतील एखाद्या दिवशी झालं असेल. पहिलं पान उघडायला किती वेळ लागतो याची नोंद असती तर.

मी उठले, झाडूच्या कपाटातून साबणाचं खोकं काढलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं.

ती किती तरी वेळ कागद उलटत राहिली. मग विचारलं, टेबल म्हणजे काय? मी सांगितलं. ती म्हणाली, प्रत्येक टेबलाला तेवढाच वेळ लागतो का? मी म्हटलं, बघ. तिने फोनमध्ये घड्याळ लावलं आणि मी चार टेबलं पुसली. एकोणीस, एकोणीस, वीस, एकोणीस. तिने माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, तीस वर्षांचा हात आहे, पोरी. तुझं यंत्र कालचं आहे.

तिने दोन दिवस बसून माझ्या कागदांवरून आलेख काढला. दोन वर्षांपूर्वी पान अर्ध्या टेबलात यायचं. आता दीड, आणि मंगळवारी अडीच, तीन. दर काही महिन्यांनी साहेबांनी सॉफ्टवेअरमध्ये काही ना काही नवीन घातलं होतं, हलणारी चित्रं, डॉक्टरांचे भिंतीएवढे फोटो, आणि दर वेळी टेबलं वाढली होती. भिंतीवरचा आकडा मात्र हलला नव्हता.

पुढच्या मंगळवारी, म्हणजे अकराव्या, इस्पितळाच्या बाई येणार होत्या. तिथल्या नोंदणीचं सगळं त्यांच्याकडे होतं. आमचं सॉफ्टवेअर पुढे ठेवायचं की नाही ते त्या ठरवणार होत्या, आणि नऊची मोजणी त्यांच्यासमोर व्हायची होती. साहेबांनी मला आदल्या दिवशी बजावलं, उद्या पानं नीट बघा, हवं तर दोनदा बघा.

मोजणीवाली म्हणाली, मावशी, तुम्ही उद्या आजारी पडा, बाकी मी बघते. मी म्हटलं, मी आजारी पडत नाही.

मंगळवारी सात वाजता धाकटीचा फोन आला. उघडत नाही. सव्वासातला पुन्हा. संपल्या.  मागे मशीन चालत नव्हतं.

आठ दहाला साहेब नवा शर्ट घालून आले आणि म्हणाले, झाली का पानं?

"नाही साहेब. आजपासून मी पानं उघडणार नाही."

त्यांना वाटलं कॉम्प्युटर बिघडला. मी सांगितलं, कॉम्प्युटर चांगला आहे. मी का उघडते ते मला कळलं आहे. ते माझ्याजवळ आले. मग हळू आवाजात म्हणाले, मावशी, तुम्हाला काम नको आहे का?

"केराचं हवं आहे. हे नको आहे."

त्यांनी माझ्या हातातून कागद ओढला आणि स्वतः बसले. पहिलं पान दाबलं. चाक फिरायला लागलं. मी नेहमीप्रमाणे शेजारचं टेबल पुसायला घेतलं. त्या माणसाला थांबायची सवय नाही. बोटं वाजवली, घड्याळ पाहिलं, पुन्हा बोटं वाजवली. दुसरं पान. तिसरं. सात पानं होईपर्यंत आठ वाजून वीस मिनिटं झाली. वाकून त्यांनी कागदावरची उरलेली नावं मोजली. मग एकामागून एक, न थांबता, सगळी सत्तावन्न पानं धडाधड दाबली.

मी म्हटलं, साहेब, एका वेळी एकच. तुम्हीच लिहिलं आहे.

"मावशी, मला शिकवू नका."

सत्तावन्न चाकं फिरायला लागली. एकही पान आलं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. आधीची सत्तावन्न अजून शिवली जात होती, वर आणखी सत्तावन्न मागितली. एव्हाना मोजणीवाली आली होती, ती मागून सगळं बघत होती. नऊला पाच कमी असताना इस्पितळाच्या बाई आल्या. उंच, केस पांढरे, हातात जाड फाइल. साहेब उठले, हसले, त्यांना भिंतीसमोर नेऊन उभं केलं. नऊ वाजले. आकडा गेला. त्याच्या जागी एक आडवी लाल रेघ आली आणि तिथेच राहिली.

साहेब म्हणाले, नेटवर्कचा प्रश्न दिसतो. पाच मिनिटांनीही तेच म्हणाले.

मग सगळे काचेच्या खोलीत गेले, पाणी घेऊन मीही गेले, आणि बाईंनी फाइल टेबलावर ठेवली. म्हणाल्या, यात दोनशे बारा तक्रारी आहेत आणि प्रत्येकाला तुमच्याकडून हेच उत्तर आलं आहे. तेव्हा मोजणीवाली म्हणाली की नेटवर्क ठीक आहे, आणि हातातलं साबणाचं खोकं फाइलशेजारी ठेवलं. सगळं सांगितलं. आठची पानं, नऊची मोजणी, सातची गर्दी. साहेब मधेच हसून म्हणाले, आता सफाईवाल्या मावशींनी पुसलेल्या टेबलांवरून आम्ही सॉफ्टवेअर मोजायचं का?

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, टेबल म्हणजे किती?

मी म्हटलं, एकोणीस सेकंद. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं आणि म्हणाल्या, पुसा. तिथलं काचेचं टेबल मोठं होतं, म्हणून मी म्हटलं, हे नाही, बाहेरचं. सगळे बाहेर आले. अख्खं ऑफिस खुर्च्यांवरून उठून बघत होतं. मी रोज पुसते तसंच पुसलं, कडांपासून सुरुवात, मग मधला भाग, शेवटी कीबोर्ड उचलून खालची पट्टी. बाईंनी घड्याळ पाहिलं आणि साहेबांना दाखवलं. एकोणीस.

मग त्या तिथेच, माझ्या ओल्या टेबलाशी उभ्या राहून माझे कागद वाचायला लागल्या. मी आधी ठरवलं नव्हतं, पण बोलले. म्हटलं, बाई, त्यात मंगळवारचे कागद बघा. अकरा मंगळवार माझी बहीण सात वाजता तुमच्या दारात उभी आहे. दार उघडतं तेव्हा आत जागा उरलेली नसते. आणि इथे नऊ वाजता हे साहेब सांगतात, दार उघडंच होतं, तुमच्या बहिणीने लवकर उठायला हवं होतं.

साहेबांनी खाली पाहिलं. लाजेने पाहिलं असं मला अजूनही वाटत नाही. बूट पाहिले असतील.

बाई म्हणाल्या, बहिणीचं नाव सांगा, या आठवड्यात मी स्वतः लावते. मी नाव सांगितलं. मानापायी बहिणीचा डोळा घालवण्याइतकी मी शहाणी नाही. पण एवढं म्हटलं, "तिचं झालं. ज्यांच्या बहिणी या ऑफिसात केर काढत नाहीत, त्यांचं काय?"

बाईंनी त्याचं उत्तर मला दिलं नाही, साहेबांना दिलं. सहा आठवडे. सहा आठवड्यांनी मंगळवारी सात वाजता त्या स्वतः यादी उघडून बघणार होत्या, तीही त्यांच्या शिपायाच्या फोनवरून.

मोजणीवालीला चार आठवडे पुरले, कारण काय करायचं ते तिने आधीच लिहून ठेवलं होतं आणि साहेबांनी ते न वाचता बाजूला ठेवलं होतं. एक सूचना बदलली की एकच पान फेकायचं, बाकीची ठेवायची. आणि नवं पान पूर्ण तयार होईपर्यंत जुनं काढायचं नाही. डॉक्टरांचे फोटो टपालाच्या तिकिटाएवढे केले. इतकंच. तिने धाकटीच्या फोनसारखाच एक जुना फोन शोधून आणला आणि तपासणीसाठी टेबलावर ठेवला. मी रोज त्याच्याखालून पुसते. आता पान पाव टेबलाच्याही आधी येतं, मी हात फिरवायच्या आत.

धाकटीला मोठ्या डॉक्टरांनी पाहिलं. त्यांनी डोळ्यावर छोटी शस्त्रक्रिया केली आणि दाब उतरला. उजवा डोळा ठीक आहे. डाव्याची बाहेरची अर्धी बाजू गेली. मी विचारलं, अकरा आठवड्यांपूर्वी आली असती तर? डॉक्टर भले होते, म्हणाले, नक्की सांगता येत नाही, थोडी जास्त राहिली असती. थोडी म्हणजे किती, ते मी विचारलं नाही. ते मोजायला माझ्याकडे टेबल नाही.

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "सोड ताई, सुई ओवून दे." आता ती मान डावीकडे वळवून शिवते. लांबून बघणाऱ्याला वाटतं कोणी हाक मारली आहे.

ऑफिसात कोणी माफी मागितली नाही. महिन्याच्या रिपोर्टमध्ये साहेबांनी लिहिलं की प्रत्यक्ष वापरकर्त्यांच्या सहभागातून चाचणीची नवी पद्धत विकसित केली. मोजणीवालीने मला तो वाचायला दिला. मी बोट न ठेवता वाचला. मग साबणाचं खोकं घरी घेऊन आले. साहेबांनी ते मागितलं होतं, पुढच्या पाहुण्यांना दाखवायला. मी म्हटलं, त्यात साबण होता, संपला.

भिंतीवरचा आकडा आता सातला मोजतात आणि तो खरा आहे. साहेब पाहुण्यांना अजून आधी त्याच्यासमोर उभं करतात. कधी कधी त्या वेळी मी स्क्रीनखालचं टेबल पुसत असते. साहेब हाताने खूण करतात, मावशी, पुढे व्हा. मी होत नाही. आधी कडा, मग मधला भाग, मग कीबोर्ड उचलून खालची पट्टी. एकोणीस सेकंद लागतात. पाहुणे थांबतात, साहेबांनाही थांबावं लागतं.